गारंबीचा बापू आणि खंडाची पावती

मंडळी, आज भात-काजू बाजूला ठेवून एका जुन्या कादंबरीबद्दल लिहितोय. पण विषय जमिनीचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या सावर्ड्याच्या घरी श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'ची १९५२ सालची प्रत आहे. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत आजोबांनी ती आमच्या आजोबांसाठी पाठवली होती. बांधणी सुटलीय, पानं तांबूस होऊन कडेने मोडतायत, मधल्या पानांची कसरीने चाळण केलीय. रद्दीवाला वजनावर घेईल, जुन्या पुस्तकांचा शौकीन कदाचित बरे पैसे देईल. पण विकायची नाही, याला कारण आहे.

पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, लिहिलं मात्र इकडच्या वाड्यांबद्दल, सुपारीबद्दल, माणसांबद्दल. नाटकात बापू केला तो आपल्या चिपळूणच्या काशीनाथ घाणेकरांनी, म्हणून बापू आणि राधा बहुतेकांना ठाऊक असतात. शेतकरी वाचतो तेव्हा त्याची नजर अण्णा खोतावर थांबते. गाव त्याला का घाबरतं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

नवीन पोरांसाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकार आणि कुळाच्या मध्ये खोत असायचा. सरकारात सारा तो भरणार, कुळाकडून धान्य तो घेणार. पिकाचा अर्धा वाटा देणारा अर्धेली, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. पीक बुडालं तरी खोताचा तगादा चुकत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. म्हणजे ही कादंबरी छापून आली तेव्हा खोती कागदावरून नुकतीच गेली होती, माणसांच्या मनातून जायची होती.

आजोबा मराठी चौथी शिकलेले. त्यांनी पुस्तक शिसपेन्सिल हातात धरून वाचलंय. अण्णा खोताचा दरारा जिथे येतो तिथे समासात उभी रेघ. एका ठिकाणी फक्त 'अर्धेल' एवढंच लिहिलंय. दुसऱ्या एका पानावर लिहिलंय, 'आमच्याकडे पायली मोठी.' घेताना मोठं माप आणि देताना लहान, हा हिशेब तीन शब्दांत सांगून टाकलाय. ना गाव लिहिलं, ना कुणाचं नाव.

आणि शेवटच्या पानांत घडी घालून ठेवलेल्या तीन खंडाच्या पावत्या. खोती गेली तरी जमिनीला मालक होताच, खंड द्यावाच लागे. १९५४, ५५, ५६ या तीन वर्षांचं भात पोचल्याची मालकाची सही त्यांवर आहे. पुढे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारा कूळ मालक मानला गेला. पण मानला गेला म्हणजे सातबारावर नाव चढलं असं नव्हे. '३२ ग'ची चौकशी झाली, तिथे या पावत्या दाखवल्या, किंमत ठरली, ती भरली, मग '३२ म'चा दाखला हातात आला. आज ज्या मळीत आम्ही भात लावतो ती अशी आमची झाली.

त्याच वाडीत दुसरे एक घर होते. तेही पिढ्यान् पिढ्या कसणारे, पण सगळा व्यवहार तोंडी. पावती नाही, पीकपाहणीत नाव नाही. त्यांची जमीन गेली. ते लोक काही वर्षं त्याच जमिनीत मजुरीने राबले, मग मुंबई गाठली. घराच्या चौथऱ्यावर आता करवंदीची जाळी आहे.

स्कॉटलंडमध्ये १८९० च्या आसपास खेड्यांवरच्या गोड गोष्टींची लाट आली होती. इयन मॅकलॅरनचं 'बिसाइड द बॉनी ब्रायर बुश' (१८९४) त्यातलंच. टीकाकारांनी या लेखनाला 'केलयार्ड' म्हटलं, म्हणजे घरामागचा भाजीचा परसू. टीका अशी, की साधी भोळी माणसं आणि सुंदर गाव दिसतं, पण गावातलं कठीण जगणं आणि पोटाची झुंज दिसत नाही. त्याच देशाच्या उत्तरेत मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हाकललेलं होतं, आणि झगडून त्यांनी १८८६ मध्ये संरक्षणाचा कायदा मिळवला होता.

आपणही मोबाईलवर हिरव्या कोकणाचे फोटो टाकतो तेव्हा परसूच दाखवत असतो. वानर-डुकरांनी नेलेलं पीक, वीस नावांचा सातबारा, पडीक राहिलेलं वरकस, हे फोटोत येत नाही. पेंडशांच्या गावात खोत आहे, म्हणून आजोबांना ते गाव आपलं वाटलं असावं.

आता कामाचं. कागदाचा भरवसा नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरसुद्धा पाण्यातून सुटलं नाही. घरातल्या जुन्या पावत्या, '३२ म'चे दाखले, फेरफाराच्या नकला असतील तर आजच फोटो काढून दोन-तीन जणांच्या फोनवर ठेवा. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, कडक उन्हात टाकू नका.

आणि या खरिपाची ई-पीक पाहणी स्वतः शेतात उभं राहून करा. शेत कसतो कोण आणि त्यात पिकतं काय, हे तुम्ही नोंदवलं नाही तर दुसरं कुणी तरी नोंदवेल, किंवा रकाना कोराच राहील.