दिवाळी आणि दिवाळे

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत अंतर ते काय! एका वेलांटीचे. वर्गात शुद्धलेखन घालताना मी मुलांना नेहमी सांगतो, "वेलांटी चुकली तर सणाचा सत्यानाश होईल बरे!" मुले हसतात. मीही हसत असे. पण 2021 सालच्या दिवाळीत हा विनोद मला करवला नाही.

पूर्वी एखाद्या सावकाराचे दिवाळे निघाले की तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे, असे जुनी माणसे सांगतात. त्या वर्षी तो दिवसाचा दिवा आमच्याच घरात लागायच्या बेतात होता.

आमचे कापडाचे दुकान नांदगावच्या बाजारपेठेत वडिलांच्या वेळेपासूनचे. मी मास्तरकी धरली, अण्णाने गज आणि कात्री. नांदगाव तालुका पडला अवर्षणाचा. पाऊस बरा झाला आणि कांद्याला भाव मिळाला, की आमची लुगडी-धोतरे खपणार. त्यात 2020 च्या टाळेबंदीने लग्नसराई बुडवली. आणलेला माल कपाटात, त्याचे पैसे डोक्यावर. अण्णाने एक देणे भागवायला दुसरे काढले, दुसऱ्यासाठी तिसरे. हे तो कोणाला बोलला नाही. दिवाळीपूर्वी आठ दिवस त्याने मला दुकानात बोलावले आणि खतावणी पुढे सरकवली.

"तू मास्तर आहेस. बेरीज करून दे," म्हणाला.

बेरीज चौदा लाख भरली. सहा लाख एका पतसंस्थेचे, पाच लाख मनमाड-मालेगावच्या चार व्यापाऱ्यांचे आणि तीन लाख सहा जणांकडून घेतलेले हातउसने. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन मी होतो. सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली वसुली दाखला मागण्याची नोटीस त्याच आठवड्यात दोघांच्याही नावाने आली होती.

आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली नादारीची. मुंबईसारखी जुनी इलाखा शहरे सोडली तर आपल्याकडे त्यासाठी 1920 चा कायदा आहे. पाचशे रुपये देणे असले आणि ते फेडता येत नसले, की माणसाने जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा, अशी त्याच्या मूळ कलमातील रक्कम! कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, विकून आलेले पैसे देणेकऱ्यांत वाटले जातात आणि पुढे कोर्टाने मुक्तता दिली की माणूस बहुतेक जुन्या देण्यांतून सुटतो. 2016 साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिच्यात साध्या माणसासाठी परतफेडीच्या योजनेचे प्रकरण आहे. पण 2019 च्या डिसेंबरात ते लागू झाले ते कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरते. अण्णाच्या वाट्याला जुनाच कायदा होता.

"घरातले सगळे नेतात का हो?" वहिनींनी विचारले.

"नाही वहिनी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण याला कोणी हात लावत नाही. आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला जो दागिना अंगावेगळा करता येत नाही, तोही जप्तीतून वगळलेला आहे."

वहिनींचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला. कायद्याला इतके कळते याचे मला त्या दिवशी नवल वाटले.

दुसरी वाट तडजोडीची. देणेकऱ्यांना बोलावायचे, हिशेब उघडा ठेवायचा, हप्ते ठरवायचे आणि दावा होण्याआधीच ते लोकअदालतीत लिहून घ्यायचे. तिचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. मात्र प्रत्येकाने आपखुशीने 'हो' म्हटले पाहिजे. नादारीच्या कायद्यातही तडजोडीची सोय आहे आणि तिथे बहुसंख्य देणेकऱ्यांनी, रकमेच्या तीन चतुर्थांशाने, मान्यता दिली की उरलेल्यांना ती कोर्ट लागू करू शकते. पण ती पाळी नादार ठरल्यानंतरची.

ही वाट आपल्या मुलखाला नवी नाही. 1875 साली सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळली गेली, तेव्हा सरकार जागे झाले आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. गावात समेट घडवणारा माणूस आणि कोर्टाने पाडून दिलेले हप्ते, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. आणि तुकोबा? दुष्काळात दिवाळे निघाले, तरी लोकांकडून येणे होते त्यांतले आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, अशी कथा आहे. अण्णाला मी ती सांगितली, तर तो म्हणाला, "त्यांनी येण्याचे कागद बुडवले रे. देण्याचे बुडवायला नदी कुठली?"

अण्णाचा कल तरीही नादारीकडे होता. तो थकला होता. मला त्याचा राग आला, आणि रागाचे कारण उदात्त नव्हते. मूळ कर्जदार नादारीतून सुटला तरी जामीन सुटत नाही. उद्या माझ्या पगाराला जप्ती लागली तर जवळजवळ तिसरा हिस्सा जाणार होता.

मग वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. जामीनदाराच्या संमतीवाचून संस्थेने कर्जदाराशी तडजोड केली, तर करार कायद्याच्या 135 कलमाप्रमाणे जामीनदार मोकळा होतो. म्हणून संस्था तडजोडीवर माझी सही मागणारच. मी नाही म्हटले तर संस्था तडजोड करणार नाही; पण चुकून केलीच तर मी सुटलो! त्या रात्री मला झोप आली नाही. 'चुकून' या एका शब्दावर मी किती मनोरे रचले, हे सांगायलाही लाज वाटते.

सकाळी दाराशी कासारीण मावशी उभी. आईच्या वेळेपासून आमच्या घरी बांगड्या भरणारी. हातउसन्यातले तीस हजार तिचे होते, कागद ना साक्षीदार. "मास्तर, अण्णांचं काही खरं नाही म्हणतात. माझ्याकडे काही लिहिलेलं नाही," एवढेच म्हणाली. नादारीत अण्णाने तिचे नाव यादीत घातले असते, तरी पतसंस्था आणि व्यापाऱ्यांबरोबरच्या वाटणीत तिच्या पदरी रुपयाला चार आणेही पडले नसते. मी अण्णाकडे गेलो आणि म्हणालो, "मी सही करतो. पण पहिले पान घरखर्चाचे लिहायचे."

कारण वकीलसाहेबांचे एक वाक्य माझ्या मनात बसले होते : "मास्तर, न पेलणारा हप्ता म्हणजे हप्त्याहप्त्याने काढलेले दिवाळेच. चुकलात की हुकूमनामा हातात घेऊन माणूस दाराशी येतो." संस्थेला पैसे तीन वर्षांत हवे होते. तसे केले असते तर महिना तेवीस हजार भरावे लागले असते, आणि दुकानातून बावीस हजार सुटायचे! आम्ही वडिलांच्या हातचा प्लॉट विकला, त्याचे पावणेचार लाख आले. व्यापारी रुपयाला दहा आण्यांवर तयार झाले, संस्थेने व्याज सोडले, हातउसने पुरे द्यायचे ठरले. उरलेल्याचे सात वर्षांत महिना दहा हजार. डिसेंबरात कागद झाले. संस्थेच्या कागदावर अण्णाच्या सहीखाली मी माझी सही केली.

नस्तनपूरचा शनी आमच्या जवळचा. अण्णा म्हणतो, "त्याची साडेसाती, आपली साती. अर्ध्या वर्षाची सूट!"

तडजोड श्रेष्ठ आणि नादारी हलकी, असे मला म्हणायचे नाही. प्लॉट नसता, दुकान महिन्याला दहाच हजार देत असते, तर मीच अण्णाला कोर्टात नेले असते. भाकरी तोडून फेडण्याइतके कोणतेही देणे पवित्र नाही, आणि तो 1920 चा कायदा ही शिक्षा नसून सवलत आहे. पण हिशेब बसत असेल तर तडजोडीत एक गोष्ट मिळते. अण्णा आजही पेठेतून मान वर करून जातो. व्यापारी त्याला रोखीने का होईना, माल देतात.

लक्ष्मीपूजनाला आम्ही अजून दुकानात जमतो. रोजमेळ आणि खतावणीवर हळदकुंकू वाहिले जाते. त्यांच्या शेजारी शाळेतली दोनशे पानी वही असते, हप्त्यांची. मावशीचे पान तिच्यात सर्वांत आधी भरले. त्यावर तिचा अंगठा आहे आणि खाली माझ्या अक्षरात 'पूर्ण फेड'. तेवढ्या दोन शब्दांतले शुद्धलेखन मी दोनदा तपासून पाहिले होते.