एक नुसते ‘बरं’

मराठीत ‘बरं’ या शब्दाइतका गरीब शब्द दुसरा नसेल. भाजीवाला सुटे पैसे घेताना ‘बरं’ म्हणतो, पाहुणे उठताना ‘बरं, येतो’ म्हणतात, आणि पोराची थाप ऐकून आई ‘बरं, बरं’ म्हणते. त्याला स्वतःचा असा रंगच नाही. ऐकणाऱ्याने आपला द्यावा. दोन वर्षांपूर्वी याच शब्दापायी मी पोटच्या मुलाशी अकरा दिवस अबोला धरला.

झाले असे : बंगळूरला मुलाला मी मोबाइलवर निरोप पाठवला, ‘यंदा गणपतीला चार दिवस राहायलाच या.’ उत्तर आले, ‘बरं.’ बस्स! ना ‘आई’, ना ‘नक्की’. दुपारभर मी त्या दोन अक्षरांकडे पाहत बसले. याला यायचे नाही. सूनबाईने नाक मुरडले असेल. म्हातारीची रडगाणी कोण ऐकणार? संध्याकाळपर्यंत निकाल लागला, आणि आरोपीला विचारावे असे काही मला वाटले नाही. त्याचे फोन आले, ते मी उचलले नाहीत.

त्या दिवसांत माझे सारेच असे चालले होते. पहाटे तीनला जाग येई, जेवणावर वासना नसे. जिन्यात शेजारच्या वहिनी न हसता गेल्या, तेव्हा त्या रागावल्यात असे मी ठरवून टाकले. (बिचाऱ्या चष्मा घरी विसरल्या होत्या!) शेवटी धाकटी बहीण येऊन थडकली. “ताई, हा तुझा स्वभाव नव्हे, दुखणं आहे,” म्हणाली, आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. पण समजावण्याची हातोटी मास्तरणीची. तिने मला फिलाडेल्फियाच्या डॉ. आरन बेक यांची हकीकत सांगितली. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, असे तेव्हाचे मनोविश्लेषक मानत. तेच सिद्ध करायला बेकसाहेब रुग्णांची स्वप्ने तपासू लागले, तर रागाऐवजी सापडले अपयश आणि गमावणे! 1967 साली त्यांनी ग्रंथ लिहिला : असा माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि उद्याकडे काळ्या चष्म्यातूनच पाहतो. पुढे इतरांनी दुहेरी अर्थाची वाक्ये देऊन प्रयोग केले. त्यांत असे रुग्ण पुष्कळदा वाईटच अर्थ उचलताना दिसले. विशेषतः मजकूर स्वतःविषयी असला तर. परक्याविषयीच्या मजकुरात हा कल तसा दिसत नाही.

हे ऐकून कित्येक महिन्यांनी मला हसू आले. कारण बाहेर बाकावर बसलो असताना बहिणीला तिच्या मुलाचे ‘बरं’ आले होते, आणि मीच तिला म्हटले होते, “अगं, कामात असेल तो!”

गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याला एकदा बोलणे सुरू झाले, आणि एक वही घालून दिली गेली : डावीकडे मनाने लावलेला अर्थ, उजवीकडे आणखी जे संभवतात ते. त्याच रात्री मुलाला फोन केला. “अगं आई, बसमध्ये एका हाताने लोंबकळत होतो. तिकिटं कधीच काढलीत. तूच फोन उचलेनास. मला वाटलं, तुला आमचं येणं नको झालंय!”

तीही वही आता भरत आली आहे. डावा रकाना अजून चटकन भरतो. उजव्यासाठी चहा करून घ्यावा लागतो.