सरोवरात उतरताना

समुद्रात स्कूबा डायव्हिंग शिकलेला माणूस नोकरीनिमित्त टोरांटोला गेला, की तिथल्या सरोवरांत त्याने पुन्हा विद्यार्थी म्हणूनच उतरावं, असं मला ठामपणे वाटतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के जड असतं. त्यामुळे साधनांसकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला, पोशाख तोच असेल तर, कमरेचं शिसं दोन-अडीच किलोंनी कमी करावं लागतं. पण पोशाख तोच राहत नाही. ह्युरॉन सरोवरात भर उन्हाळ्यातही वरचा कोमट थर ओलांडला की पाणी एकदम गार होतं. तिथे लागणारा जाड सूट अधिक तरंगतो, म्हणून शिसं पुन्हा वाढतं. शिवाय श्वासासाठी हवा पुरवणारा रेग्युलेटर गोठून हवा सलग सुटू लागण्याचा धोका असतो. जुना हिशेब इथे चालत नाही. उथळ पाण्यात वजन नव्याने तपासायलाच हवं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून बघायचं काय? मालवणच्या समुद्रातली प्रवाळं तिथे नाहीत, हे खरंच. पण लाकूड पोखरणारा समुद्री जहाजकिडाही गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणूनच ह्युरॉनकाठच्या टोबरमोरी गावाच्या बंदरात १८८५ साली बुडालेल्या ‘स्वीपस्टेक्स’ या शिडाच्या जहाजाचा लाकडी सांगाडा जेमतेम २० फुटांवर आजही पाहता येतो. अनुभवी माणसाला पुन्हा शिकणं कमीपणाचं वाटेल; पण आधीचं काहीच फुकट जात नाही. संथ श्वास आणि जोडीदाराकडे लक्ष दोन्हीकडे सारखंच लागतं. त्या भांडवलावर गार पाण्याचं रीतसर प्रशिक्षण घेणं, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.