सपाट माथ्याचे डोंगर

मैत्रिणींनो, मुलांच्या चित्रकलेच्या वह्या एकदा काढून बघा. देखावा म्हटला की दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि काठावर नारळाचं झाड! लहानपणी मीही हाच काढला. आता शाळेत आठवड्याला चार तास चित्रकला शिकवते, तर मुलांकडूनही हाच काढून घेते. आमच्या धाराशिव जिल्ह्यात नारळ मुख्यतः दिसतो तो तुळजाभवानीच्या देवळापुढच्या दुकानांत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीनं डोंगराला टोकच काढलं नाही. वर सरळ रेघ, सुरीनं कापल्यासारखी. आभाळही निळं नाही, फिकट पिवळं. "डोंगराचं डोकं कुठं गेलं गं?" मी विचारलं. वर्ग हसला. ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्या रानातनं असाच दिसतो." मी दहापैकी चार गुण दिले आणि पुढची वही ओढली.

यंदा वेळ अमावस्येला आम्ही नळदुर्गजवळच्या आमच्या रानात गेलो. पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणींसाठी सांगते, मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव, लातूर, सोलापूरकडे घराला कुलूप लावून सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडून पूजा करायची, आणि मग बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे हं! तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, सगळं बेसन घालून शिजवलेलं. सासूबाई सांगतात सतरा भाज्या घातल्यात. मी मोजल्या, अकरा भरल्या.

जेवणं झाली, भांडी घासून झाली, आणि मी कोपीच्या तोंडाशी जरा टेकले. समोर उभी हिरवी ज्वारी, तिच्या पलीकडे काळं रान, आणि त्याच्याही पलीकडे बालाघाटचे डोंगर. पोळपाट उपडा घालावा तसे, सगळे सपाट माथ्याचे! इतकी वर्षं एस.टी.तून जाता-येता पाहिले असतील, पण त्या दिवशी ती पोर आठवली आणि घास अडकल्यासारखं झालं.

हे डोंगर असे का, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले. वरचा थर टणक, म्हणून माथा सपाट राहिला. भूगोलात हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

उन्हं कलताना यांना म्हटलं, किल्ल्यावर जाऊ या. यांना सुपारी कातरून झाडाखाली पडायचं होतं, पण आले. बोरी नदीला किल्ल्याच्या तटाशी बांध घातला आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून नर-मादी नावाच्या दोन धबधब्यांनी कोसळतं. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही कोरडे होते. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण उपळी बुरुजावर चढले आणि पाहत राहिले. धुळीतून गाळून आलेला उजेड, आभाळ खाली फिकट पिवळं, अगदी हळदीच्या पाण्यासारखं. आणि काळी जमीन, काळी कुठली, जांभळी! खडूच्या डबीत तो जांभळा मी कधी कुणाला वापरू दिला नव्हता.

याच किल्ल्यात मेडोज टेलर राहत असे. निजामानं १८५३ साली हा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा कारभारासाठी तो इथं आला आणि १८५७ पर्यंत राहिला. त्याला चित्रं काढायचा नाद. दख्खनमधल्या त्याच्या रेखाटनांचं पुस्तक १८३७ सालीच लंडनला निघालं होतं. पुढे 'तारा' ही कादंबरी त्यानं १८६३ साली छापली, तिची सुरुवात होते आमच्या तुळजापुरात. परमुलखातला माणूस, त्याला हे दिसलं. परक्याला दिसणं सोपंच म्हणा, त्याला सगळं नवीन.

मला जास्त नवल वाटतं ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमानचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, नाव मिळवलं, आणि घरी परतून आपलंच तळं, आपलीच संध्याकाळ रंगवत बसला. १९३१ साली वारला. अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर त्याची चित्रं जरूर बघा.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, सोलापूरहून सुमारे ५० किलोमीटर. धबधबे हवे असतील तर चांगला पाऊस झाल्यावर या, उजेड हवा असेल तर थंडीत, चारनंतर. पाणी बरोबर ठेवा, आणि मुलांच्या दप्तरातला खडूंचा डबा पिशवीत टाकायला विसरू नका. मी विसरले होते.

ती मुलगी आता सातवीत आहे. सोमवारी पहिला तास तिच्याच वर्गावर. जुनी वही तिच्याकडे असेल का, आणि ते चार गुण कसे खोडायचे, वर्गासमोर की एकटीला बोलावून, हे काही अजून ठरत नाही. हे म्हणतात, वर्गासमोर.