माणसाचे कलम

हापूसच्या कलमाला कोणी नावे ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चांगल्या झाडाची काडी घ्यावी, दुसऱ्या रोपावर बांधावी आणि त्याच गोडीचा आंबा पुन्हा खावा, यात कसले आले पाप? 'क्लोन' हा शब्दही मूळचा ग्रीक, आणि अर्थ काय, तर डहाळी! पण १९९६ साली स्कॉटलंडातील रोझलिन संस्थेत एका मेंढीच्या आचळातील पेशीपासून डॉली जन्मली आणि 'उद्या माणसाचे कलम करणार की काय?' या धास्तीने जग दचकले.

अमेरिकेत तर धर्मपीठांवरूनच कायद्याची मागणी झाली. कॅथलिक चर्चने मानवी प्रतिकृतीला १९८७ सालीच विरोध नोंदवला होता. सदर्न बॅप्टिस्टांनी १९९७ साली तसा ठराव केला. देशभर लागू होईल असा बंदीचा कायदा तिथे आजतागायत झालेला नाही. म्हणून राज्ये पुढे सरसावली. कॅलिफोर्नियाने १९९७ साली, मिशिगनने १९९८ साली बंदी घातली.

या मंडळींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कलमाच्या झाडाला आंबा धरला नाही, तर माळी ते तोडून टाकतो. पण 'अमक्यासारखेच व्हावे' म्हणून घडवलेले मूल तसे झाले नाही, तर? मूल पदरात पडावे, मागणी नोंदवून करवून घेऊ नये, हे समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही; आई असणे पुरते. शिवाय एका डॉलीसाठी २७७ बीजांडे खर्ची पडली, हा हिशेब माणसाच्या बाबतीत कोण मांडणार?

खरी पंचाईत पुढेच आहे. २००६ साली मिसूरी राज्यात घटनादुरुस्तीवर मतदान झाले. प्रतिकृती-मूल जन्माला घालण्यास बंदी, मात्र उपचारांच्या शोधासाठी प्रयोगशाळेत तशा भ्रूणपेशी करण्यास मुभा, असा तो मसुदा. कॅथलिक आणि बॅप्टिस्ट धुरीण विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा, की प्रयोगशाळेतला तो भ्रूण हीच प्रतिकृती. ही बंदी म्हणजे त्याला निर्माण करा, पण जगू देऊ नका, असे सांगणे! दुरुस्तीच्या बाजूने होते माजी सेनेटर जॉन डॅनफर्थ. तेही एपिस्कोपल पंथाचे दीक्षित धर्मगुरू. त्यांचा भाऊ मज्जातंतूंच्या असाध्य विकाराने गेला होता. एकच बायबल, पण दोन मते! दुरुस्ती मंजूर झाली, तीही सुमारे ५१ विरुद्ध ४९ टक्के मतांनी.

हे वाचताना मला त्रयस्थ राहता येत नाही. आमच्या सासूबाईंना नऊ वर्षे कंपवात आहे. पेला दोन्ही हातांनी धरला, तरी चहा हिंदकळून पदरावर येतोच. कुठल्याशा पेशीतून त्यांच्यासारखीला गुण येणार असेल, तर 'नको' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच सासूबाई देवापुढची फुलेसुद्धा कळ्या सोडून खुडतात, हेही मी रोज पाहते.

आडून बसलेल्यांचा हट्ट अगदीच वांझ होता, असेही नव्हे. जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींनाच भ्रूणपेशींसारखे रूप दिले. भ्रूण मोडावा लागला नाही. २०१२ साली त्यांना नोबेलही मिळाले. दुसरी वाट शोधा म्हणणाऱ्यांना दुसरी वाट मिळाली!

म्हणून माझे मत विचाराल, तर बंदी दोन गोष्टींवर मागितली जाते, त्यांची गाठ मारू नये. प्रतिकृती-मुलावर बंदी असावीच. तिथे भाविक आणि नास्तिक एकाच पंगतीला बसतील. भ्रूणपेशींचा प्रश्न मात्र धर्मगुरूंनाही एकमताने सुटलेला नाही. तो कायद्याच्या मथळ्यात उरकू नये. 'प्रतिकृती म्हणजे काय' ही व्याख्या मतदारापुढे उघड मांडून मगच त्याचे मत घ्यावे. सासूबाईंना हे सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, ''औषध आलं तर घेईन गं. पण ते कशाचं केलंय, ते आधी मला सांगायचं.''