ताप तिकडेच राहिला

मये, डिचोली

चि. बायो,

कथेच्या अनुवादात 'फ्रिसाँ' अडून बसला म्हणून तू तिथे 'थ्रिल' लिहून मोकळी झालीस, हे मला पटलं नाही. थ्रिल हल्ली जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट काढलं की मिळतं.

फ्रेंचांच्या घरी हा शब्द भीतीला चालतो, आनंदाला चालतो, पण आजाऱ्याच्या खाटेपाशीही असतो. ताप भरताना अंगभर जाते ती हुडहुडी म्हणजे फ्रिसाँ. मूळ लॅटिनमधल्या गारठ्याचं. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला आणि ताप तिकडेच ठेवला. घरात स्वतःचं 'थ्रिल' होतं तरी! (तेही मुळात भोक पाडणं. त्यांच्या नाकपुडीच्या शब्दात ते भोक अजून आहे.) आता गाणं ऐकताना येणाऱ्या काट्यालाही तिकडचे संशोधक फ्रिसाँच म्हणतात.

आपण पोर्तुगिजांकडून चावी घेतली, साबण घेतला, घमेलंसुद्धा घेतलं. शहाऱ्यासाठी मात्र त्यांच्या दारात जावं लागलं नाही. नाट्यशास्त्रातल्या 8 सात्त्विक भावांत रोमांच वेगळा आणि वेपथू, म्हणजे कंप, वेगळा मोजलाय. पण रोमांच क्रिकेटवाल्यांनी पार झिजवला. शेवटच्या षटकाशिवाय तो येतच नाही.

मी 'शिरशिरी' लिहिली असती. लहानपणी मला हिवताप आला, तेव्हा आईने दोन गोधड्या घातल्या तरी पाठीतून जात राहिली ती शिरशिरी. आणि त्याच वर्षी शिमग्यात साळला गड्यांची जत्रा बघायला नेलं, तेव्हाही तीच. 3 रात्रींचा तो उत्सव. दिवे मालवलेले, माणसं गप्प, आणि धोतर नेसलेले अनवाणी गडे काळोखात डोंगराकडे धावत सुटलेले. लांब कुठे उजेड दिसला की बाया पोरांना जवळ ओढायच्या. मी आईच्या पदरात तोंड लपवलं, एक डोळा उघडा ठेवून. पळून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. आपल्या शब्दात ताप आणि मौज एकाच गोधडीखाली निजतात. तुझ्या कथेतली बाई तर तापातून उठलेलीच आहे ना?

यंदा होळीला ये, साळला जाऊ. जाड चादर आण, पहाटे दव पडतं.

तुझी,
आत्या