अम्मी, तू दिसलीच नाहीस

गेल्या जुलैतली गोष्ट. शाळेतली पालकसभा लांबली आणि चिपळूणहून सुटणारी नेहमीची एसटी चुकली. दुसऱ्या गाडीनं महामार्गावरच्या फाट्यावर उतरले तेव्हा मगरिब होऊन गेली होती. फाट्यापासून आमचा मोहल्ला दीड किलोमीटर. वाटेत एकही दिवा नाही. कोकणातला पाऊस कसा कोसळतो ते वेगळं सांगायला नको. अंगावर काळा बुरखा, हातात काळी छत्री. रस्त्याच्या कडेला चिखल, म्हणून मी डांबरावरून, डाव्या बाजूनं चालत होते.

थोड्या वेळानं समोरून एक मोटरसायकल गेली. पावसात कोण ते कळलं नाही. पाच-सात मिनिटांनी मागून आवाज आला. माझ्या पुढचा रस्ता उजळला. मनात म्हटलं, एवढा उजेड पडलाय म्हणजे मी त्याला दिसतेय. दुसऱ्याच क्षणी गाडीचं हँडल छत्रीला घासून गेलं. छत्री हातातून उडाली आणि मी बाजूच्या गडग्यावर आदळले. गाडी पुढे जाऊन आडवी झाली. हेल्मेट काढून धावत आला तो माझा थोरला मुलगा! मला न्यायलाच निघाला होता. मघाशी समोरून गेलेला तोच. फाट्यावर मी सापडले नाही म्हणून घाईनं परत येत होता.

“अम्मी, तू दिसलीच नाहीस,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचे हात थरथरत होते. अल्लाहची कृपा, माझ्या कोपराला खरचटण्यावर भागलं. पण एकाच रस्त्यावर तो दोनदा माझ्या अगदी जवळून गेला आणि दोन्ही वेळा त्याला आपली आई दिसली नाही, हे काही मनातून जाईना.

रविवारी पाऊस उघडला. इशानंतर आम्ही घरचेच रस्त्यावर गेलो. मुलानं मोटरसायकल उभी करून दिवा खाली पाडला, म्हणजे डिपर ठेवला. मी लांबून चालत यायचं आणि दिसले की त्यानं हाक मारायची. काळ्या बुरख्यात मी त्याला जेमतेम चाळीस पावलांवर दिसले, म्हणजे साधारण पंचवीस मीटर. मुलीनं पांढरी ओढणी घेतली तर ती ऐंशी पावलांवर दिसली. मग तिच्या हाताला रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसल्या जाकिटाची चंदेरी पट्टी बांधली. ती वळणापर्यंत गेली तरी पट्टी चमकतच होती. आणि हे सगळं पाऊस नसताना, कुणीतरी येतंय हे ठाऊक असताना.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांना गणित घातलं. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात किती मीटर जाते? उत्तर आलं, जवळजवळ 17. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडायला साधारण एक सेकंद जातो. पंचवीसातले सतरा गेले, उरले आठ. ओल्या रस्त्यावर आठ मीटरमध्ये गाडी थांबत नाही. वर्गात कुणी बोललं नाही. बऱ्याच जणांचे अब्बा रिक्षा नाहीतर टेम्पो चालवतात.

आपली चूक नेमकी इथंच होते. आपल्याला गाडी दिसते, म्हणून गाडीवाल्याला आपणही दिसतो असं आपण धरून चालतो.

मी बुरख्याच्या खालच्या काठाला आणि दोन्ही बाह्यांना ती पट्टी शिवायला घेतली. सासूबाईंना पटलं नाही. “बुरख्यावर चमकधमक? लोक काय म्हणतील?” मी त्यांना पट्टी दाखवली. दिवसा ती साध्या राखाडी फितीसारखी दिसते. तिच्यावर पडलेला उजेड ती आला तिकडेच परत पाठवते, म्हणून ती चमकते फक्त गाडीवाल्याला. मी म्हटलं, “अम्मा, परदा माणसांच्या नजरेपासून आहे, ट्रकच्या दिव्यापासून नाही.”

वाटेतला दगड-काटा बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. अंधारात न दिसणारं माणूसही दुसऱ्याच्या वाटेतला धोकाच असतं. त्या रात्री वाईट घडतं तर मी सुटले असते. माझ्या मुलाला मात्र ते ओझं जन्मभर वाहावं लागलं असतं.

आता मी रस्त्याच्या उजव्या कडेनं चालते, म्हणजे आपल्या बाजूची गाडी समोरून येते आणि वेळीच बाजूला होता येतं. पाऊस तोंडावर असला तरी छत्री डोळ्यांपुढे धरत नाही. मुलगा रोज निघण्याआधी मोटरसायकलच्या मागच्या दिव्यावरचा चिखल पुसतो. कपड्यावर चिकटपट्टी धुण्यात निघून जाते, त्यामुळे तिथं शिवायची पट्टीच हवी. काठीला, सायकलला मात्र नंबरप्लेटवाल्याकडचं रेडियम चालतं. खर्च म्हणाल तर एका वेळच्या मटणाहून कमी.

मोहल्ल्यातली मुलं मगरिबनंतर मदरशातून घरी येतात. त्यांच्या दप्तरांना पट्ट्या शिवायचं काम आम्ही चार-पाच जणींनी दोन संध्याकाळी बसून उरकलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई आपली काठी घेऊन आल्या. फज्रला मशिदीत जाणाऱ्या सासऱ्यांची छत्रीही त्यांच्या काखेत होती. म्हणाल्या, “यांना पण लाव. हे तर वाटेच्या मधूनच चालतात.”

यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी तुमच्याही घरात दाराशी टांगलेल्या काळ्या छत्र्या एकदा मोजून घ्या.